पेन्सिल जाईल तिथे

जिथे पेन्सिल जाते तिथे उंदीर जातो.
लारुस ब्योर्नसनने मला शिकवलं ते एवढंच,
बाकीचं त्याच्या गुडघ्यांना माहीत होतं.

ऑक्टोबर उतरणीला लागला की
विनिपेग सरोवराच्या पश्चिम काठावरची माणसं
आपापला उन्हाळा गाडीमागे ओढत
त्याच्या शेडमध्ये आणून ठेवायची:
बावीस कॅम्पर, नऊ बोटी,
आणि पाण्यावर उतरणारं एक विमान, पंख काढलेलं,
ज्याच्या मालकाला आता दिसत नव्हतं.

लारुस उताणा होऊन एकेकाखाली सरकायचा.
कानामागची शिसपेन्सिल काढून
नळाच्या कडेला, वायरींच्या भोवती, चाकाच्या कमानीत
टोचून बघायचा,
डॉक्टर पोट दाबून विचारतो तसा:
इथे? इथे दुखतं?
पेन्सिल आत गेली की न बघता हात लांब करायचा,
मी त्यावर तारेच्या काथ्याचा बोळा ठेवायचे.
सतरा वर्षांची होते. तासाला अकरा डॉलर
आणि नखांत गंज.

लोकांचे उपाय लोकांपाशी.
ओरेस्ट हलुश्का साबणाच्या वड्या ठेवायचा, हिरव्याच,
पांढऱ्या चालत नाहीत म्हणे.
मिसेस पेनर पुदिन्याच्या अर्कात कापूस बुडवायच्या;
त्यांचा कॅम्पर उघडला की
नुकतेच दात घासलेल्या तोंडासारखा वास.
कुणी डांबरगोळ्या टाकायचं,
मग जुलैभर त्यांच्या मुलांच्या अंगाला
आजोबांच्या कोटाचा वास यायचा.
लारुस सगळ्यांना हो म्हणायचा.
ते गेले की मला म्हणायचा,
"वासाला नाक मुरडतो तो, खरंय.
पण उणे पस्तीस झालं की नाकाला कोण विचारतं?"

मागच्या कोपऱ्यात बादली होती.
आडव्या तारेवर गरगरणारा डबा,
डब्याला पीनट बटर, खाली गोठू नये असं खारं पाणी.
बादलीविषयी तो बोलत नसे.
सकाळी तिच्याकडे एकटा जायचा,
मला दारातला बर्फ लोटायला लावून,
मी आधीच लोटलेला असला तरी.

इथे पोखरायला डोंगर नाही.
सपाट माळ, माळावर सपाट बर्फ,
आणि बर्फाच्या पोटातून बोगदे.
मार्चमध्ये ते उघडे पडतात,
कुणी कागदावरून हात न उचलता
रेघ ओढत गेल्यासारखे.
त्या वर्षी रेघ शेतातून निघाली,
सरळ शेडच्या भिंतीपर्यंत आली,
भिंतीला लागून थोडी चालली,
आणि वळली.
कुठे, ते मी पाहिलं होतं. बोलले नाही.

एप्रिलात दारं उघडली.
गाद्या शाबूत, जाकिटं शाबूत, एक लेंडी नाही.
हलुश्काने लारुसच्या पाठीवर थाप मारली,
विमानाच्या मालकाने हात फिरवून फिरवून
आपलं विमान पाहिलं.
सगळे आपापला उन्हाळा घेऊन गेले.

"कॉफी घेऊन जा," तो मला म्हणाला.
त्याच्या स्वयंपाकघरात साखरेच्या पिशवीला कोपरा नव्हता.
आम्ही दोघंही त्या कोपऱ्याकडे बघत राहिलो.
मग त्याने खालचा खण ओढला,
जो स्टेइना गेल्यापासून कुणी ओढला नसावा,
कारण तो दोनदा अडला.
आत सुया, आणि मेंढीच्या करड्या लोकरीचा
अर्धवट स्वेटर.
एकच बाही विणून झाली होती, तो म्हणाला.
आता तीही नव्हती.

मला वाटलं ओरडेल. तो हसला,
खोकला येईपर्यंत.
आणि चुलीमागे, गॅसची नळी भिंतीत शिरते तिथे,
आधी एक, मग दुसरा, गुडघे टेकले.
बावीस कॅम्परखाली सरकलेला माणूस
स्वतःच्या चुलीमागे कधी वाकला नव्हता.

पेन्सिल आत गेली. रबरापर्यंत.
मी काथ्याचा बोळा पुढे केला.
त्याचा हात आला नाही.
"थांब," तो म्हणाला.

आतून कुणीतरी पेन्सिल ओढत होतं.
हलकेच; सोडून, पुन्हा धरून.
त्यानेही ती सोडली नाही.